दर मंगळवारी वीस मिनिटं
कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडणारा वेंडेल कंबर धरून फिजिओथेरपीला आला, तेव्हा तिथे फिजिओथेरपिस्ट असलेली त्याची मुलगी नोरीन सहा वर्षांच्या अबोल्यानंतर त्याच्याशी बोलली. तेही कामापुरतं. दर मंगळवारी ती त्याच्या पाठीला पॅड चिकटवून मशीनने वीस मिनिटं सौम्य करंट देई.

“रात्री दुखून जाग येते का?” ती प्रत्येक वेळी विचारी; तसं असेल तर पेशंटला तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवावं लागे.

“नाही गं. तुझ्या मशीनने बरंच हलकं वाटतं.”

पाच महिन्यांनी तो धक्क्यावरच कोसळला. कॅन्सर मणक्यात पसरला होता. कित्येक महिने रात्री झोप नव्हती, हे त्याने आता डॉक्टरांना सांगितलं.

“मला दर वेळी खोटं का सांगत होतात, बाबा?” त्याच्या खाटेशी बसून नोरीनने विचारलं.

“खरं सांगितलं असतं, तर तू मला दुसरीकडे पाठवलं असतंस.”