बसच्या खिडक्या

"खिडक्या! आई, याच्या खिडक्या बघ!"

भिंग हातात धरून घार खुर्चीतून उठलाच. जुन्या विमानांचे फोटो ओळखणाऱ्या मंडळींनी त्याला हे नाव दिलं होतं आणि ते त्याला शोभायचंही. शेपटीचा तुकडा दिसला तरी तो विमानाची कुळकथा सांगायचा. या एका फोटोनं मात्र त्याच्या नाकी नऊ आणले होते. असलं विमान कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मंडळी आता गालातल्या गालात हसायला लागली होती.

त्याची एक रीत होती. फोटोत माणसं असली की तो त्यांच्यावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवायचा. माणसं मध्ये आली की नजर भरकटते, म्हणायचा. सवय तशी लहानपणचीच. बाप घर सोडून पळाला तेव्हा त्यानं घरातल्या एकूण एक फोटोतून बापाचं तोंड कात्रीनं कापून काढलं होतं. आईनं अडवलं नाही. आदल्या रात्री नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आपल्याच जिभेपायी माणूस गेला, हे तिनं मनात धरलं ते कायमचं. लोक तोंडावर बोलायचे, ती खाली मान घालून ऐकायची. बाप कुठल्याशा कारखान्यात फिटर होता, एवढंच घारला ठाऊक. तो विषय घरात निघतच नसे.

"कसल्या खिडक्या?" आईनं विणकामातून डोकं वर काढलं.

"बसच्या! सरकत्या काचांच्या. विमानाला कुणीतरी चक्क बसच्या खिडक्या लावल्यात!"

आईचा एक टाका सुटला.

मग काय, घारनं पिच्छाच पुरवला. जुन्या बसगाड्यांच्या जाणकारांना विचारत विचारत तो एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनपर्यंत पोचला. म्हाताऱ्यानं कधीकाळी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात नोकरी केली होती. घारनं त्याला फोटो पाठवला आणि फोन लावला. आपला विजय आईलाही ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"आमचंच ते," म्हातारा म्हणाला. "मालकाला हौस भारी. मागच्या शेडमध्ये गुपचूप बांधलं. एकच. उडालंही एकदाच."

"आणि मग?"

"समुद्रात पडलं. आत दोघं होते. एक हौशी वैमानिक, एक आमचा फिटर. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. परवानगी कुठं होती आमच्याकडे? मालकानं सगळ्यांची तोंडं बंद केली. फिटरच्या घरी सांगितलं, काम सोडून गेला, कुठं गेला माहीत नाही."

"म्हणजे जगात एकच! तेही एकदाच उडालेलं!" घारला आभाळ ठेंगणं झालं. "आई, ऐकलंस ना?"

आईच्या सुया थांबल्या होत्या. भिंतीला धरत धरत ती टेबलापाशी आली.

"ती पट्टी काढ."

"अगं, तिच्याखाली काही नाही. माणसं आहेत नुसती."

"काढ म्हणते ना!"

त्यानं नखानं पट्टी सोलली. खाली दोन तरुण उभे होते. एकाच्या अंगावर कोट, दुसऱ्याच्या अंगावर तेलकट कपडे. सवयीनं त्यानं भिंग धरलं. दोन्ही चेहरे अनोळखी. काहीच न समजून त्यानं वर पाहिलं. आईचं बोट तेलकट कपड्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर टेकलं होतं.

"तुझे बाबा," ती म्हणाली.

घारनं भिंग पुन्हा त्या चेहऱ्यावर धरलं. फोनवर म्हातारा हॅलो हॅलो करत राहिला.

"राग शांत झाला की येतील, राग शांत झाला की येतील, असंच म्हणत राहिले रे मी," आई फोटोकडे बघत म्हणाली. "अरे, घरी येणार तरी कसे होते ते!"