बाई आणि आई

नववीच्या वर्गात बाईंनी मुलांना डोळे मिटून बसायला सांगितलं. "मनात काय चाललंय ते नीट बघा. राग असेल तर राग म्हणा, भीती असेल तर भीती. लाजायचं नाही."

"बाई, माझ्या मनात नुसती भूक आहे," एक जण म्हणाला आणि वर्गात खसखस पिकली. बाईही हसल्या. मग खिडकीजवळची मुलगी उठली, तशा त्या जरा सावरून उभ्या राहिल्या. ती त्यांची स्वतःची लेक होती.

"मला बाबांचा राग येतो, बाई," ती म्हणाली. "असे अचानक गेले म्हणून. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण येतो."

बाईंनी कसाबसा तास संपवला. मुलं बाहेर पडल्यावर त्या लेकीपाशी गेल्या.

"अगं, एवढं मनात ठेवून होतीस? घरी बोलायचंस की माझ्याशी."

"घरी कुठे विचारतेस तू, आई? बाबांचं नाव निघालं की उठून ओट्याशी जातेस. इथे विचारलंस, म्हणून सांगितलं." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुला काय वाटतं गं, ते गेल्यापासून?"

आजवर कितीतरी मुलांना बोलतं करणाऱ्या बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

"मला अजून रडताच आलेलं नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या.

लेक बाकावर सरकली आणि तिने आईला शेजारी जागा करून दिली.