वाटणी

आखातात गवंडीकामाला गेलेला सदाशिव तिथल्या युद्धात बॉम्बच्या आवाजानं बहिरा होऊन गावी परतला.

पारावर जमलेल्या गावासमोर सत्ताधारी पक्षाच्या तात्यांनी त्याला शाल घातली. "आमच्या सरकारनं सोडवला!" विरोधी पक्षाच्या अण्णांनी वरून दुसरी घातली. "आमच्या मोर्चामुळं!"

भर उन्हात कौसाबाईचा लेक दोन शालींत शिजत होता. "त्याच्या कानांच्या मशीनचं कोण बघतंय?" तिनं विचारलं.

"युद्धाला पाठिंबा यांचा, हेच देतील," अण्णा म्हणाले.

"तुमच्या राज्यात काम असतं, तर परदेशी गेला असता का तो?" तात्या खवळले.

दोघांची बोटं सदाशिवच्या कानांकडून एकमेकांच्या छातीकडं नाचू लागली. मशीन मीच देणार म्हणून दोघं झुंजताहेत, असं वाटून त्याचे डोळे भरले. बहिऱ्याच्या चढ्या आवाजात तो म्हणाला, "माझ्यासाठी भांडू नका हो! एकेक कान वाटून घ्या!"

पहिली टाळी कौसाबाईनं वाजवली.