सहावा पक्षी

अगांबिरेने पक्षी मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. समोरची गिऱ्हाईक बाई श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

गिनी कोंबडीत नर आणि मादी दिसायला सारखेच. तेच करडं ठिपकेदार अंग, डोक्यावर तोच हाडाचा तुरा, चोचीखाली तीच लोंबती कातडी. फरक काय तो आवाजात. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नराला दुसरा तुकडा येतच नाही.

"नर," अगांबिरे म्हणाला. "रश्शाला हवा असेल तर न्या. अंड्यांसाठी हवा असेल तर ठेवा खाली."

बाईने तो ठेवून दुसरा उचलला. बोलगा गावच्या बाजारात तीस वर्षं अगांबिरेचा शब्द कुणी खोटा पाडला नव्हता.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्याला एकही पक्षी ऐकू आला नव्हता. माणूस तोंडासमोर बसून बोलला तर अजून कळायचं. पाखरांचे आवाज पार गेले होते. हे फक्त त्याच्या मुलीला, आयिनपोकाला ठाऊक होतं. ती त्याच्या पाठीशी बसायची. पाठीवर तिचं बोट दोनदा टेकलं की मादी, एकदा टेकलं की नर. दोन वर्षांत तिचं बोट एकदाही चुकलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिला मागणी आली. मुलगा अनाफो, पलीकडच्या गावात सायकली दुरुस्त करायचा. कामाला वाघ, बोलायला गरीब. त्याचा काका अकुरिगो मागणीच्या रिवाजाप्रमाणे कोलाची फळं आणि तंबाखू घेऊन अंगणात येऊन बसला.

अगांबिरे चुलीपाशी गेला. आयिनपोका पाठमोरी बसून बाजरीचा घाटा घोटत होती.

"पोरगा बरा आहे ना?" त्याने विचारलं.

ती काहीतरी म्हणाली. घोटणं थांबलं नाही, मान वर झाली नाही. शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत, आणि चार पावलांवर पाहुणा बसलेला असताना 'काय म्हणालीस?' असं ओरडून विचारायची सोय नव्हती. त्याने तिच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. लग्नाला हो म्हणताना तिच्या आईनेही अशीच मान खाली घातली होती.

"बरं," तो म्हणाला.

पण अंगणात येईपर्यंत त्याचं मन फिरलं. ती गेली की त्याचे कान गेले. मग बाजारात बसायचं कशाच्या जोरावर?

"सहा पक्षी आणा," तो अकुरिगोला म्हणाला. "सहाही माद्या. एक जरी नर निघाला तर सोयरीक नाही."

अकुरिगो हसला. "म्हातारबुवा, पोरगी देताय की अंड्यांचं दुकान काढताय?"

"तुमच्या पोराला पारख नाही, असं सरळ म्हणा."

"पारख अख्ख्या बोलगात एकालाच आहे. आणि तोच सासरा व्हायला बसलाय."

अनाफो पंधरा दिवस दिसला नाही. दुकान बंद ठेवून तो लोकांच्या अंगणांत जाऊन नुसता ऐकत बसतो, अशी बातमी आली. मग एका सकाळी तो टोपली घेऊन आला. मागून अकुरिगो, आणि मजा बघायला निम्मी आळी.

अगांबिरे बसला. आयिनपोका त्याच्या पाठीशी बसली.

पहिला पक्षी मांडीवर आला. पाठीवर दोन टिचक्या.

"मादी."

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्या माद्या. अनाफोच्या कपाळावर घाम जमला होता. आळीतली माणसं जवळ सरकली होती.

सहावा पक्षी मांडीवर बराच वेळ धडपडला. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. अगांबिरे वाट बघत राहिला.

पाठीवर एक टिचकी. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकच. नर.

त्याने डोळे उघडले नाहीत. त्याला हवं होतं तेच झालं होतं. एक शब्द बोलला की काम फत्ते. पण पोरीला दुसरी टिचकी मारायला कितीसे कष्ट होते? कुणाला कळलं असतं? स्वतःचा संसार मोडत असतानासुद्धा ती बापाशी खोटं बोलली नव्हती. आणि बाप मात्र तिला अडवायला असल्या अटी घालत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मादी," तो म्हणाला.

अकुरिगोने मांडीवर थाप मारली. बायका गलका करून उठल्या. पाठीवरचं बोट काही क्षण तिथेच राहिलं, मग निघून गेलं.

महिन्याभरात लग्न झालं. निघताना आयिनपोका खूप रडली. मुली रडतातच, असं तिची आत्या म्हणाली.

अगांबिरेने गुडघे धरल्याचं सांगून बाजार सोडला. पाच पक्षी अंगणात मोकळे फिरायचे. सहावा त्याने पहिल्याच दिवशी मागच्या पडक्या कणगीत एकटा कोंडला होता. पारखी कानाचा कुणी माणूस आला आणि त्याने तो ओरडताना ऐकला तर पोरीचा संसार धोक्यात यायचा. दाणा-पाणी तो स्वतः टाकायचा. झाकण स्वतः लावायचा.

लग्नानंतर बाराव्या दिवशी त्याची बहीण राहायला आली. आता रश्शाचं निमित्त झालं, ब्याद जाईल, असा विचार करून तो सुरी घेऊन मागे गेला. झाकण सरकवून त्याने अंधारात हात घातला. पक्षी फडफडत बाजूला झाला, आणि त्याच्या बोटांना, भुशात, एक कोमट अंडं लागलं.