तंगीसाठी खुर्ची

शांताक्का खुर्चीच्या अगदी टोकाशी बसल्या होत्या, एसटीत दुसऱ्याच्या जागेवर बसावं तशा.

"झोप कधीपासून नाही?" निकितानं विचारलं.

"तंगी परत येतीया म्हणून कळलं, तवापास्नं. घास बी उतरत न्हाय, बाई."

निकितानं समजून मान हलवली. सीमेलगतच्या मुरुम गावातल्या या शाळेत, रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावणाऱ्या गेस्टाल्ट पद्धतीच्या समुपदेशकांचा उजळणी वर्ग चालू होता. शिकून बरीच वर्षं झालेल्यांनी पुन्हा यायचं, गावातल्या एखाद्या माणसाबरोबर सत्र घ्यायचं आणि शिकवणाऱ्यानं कोपऱ्यात बसून ते पाहायचं. कोपऱ्यात पुण्याचे रणधीर सर होते. निकिता येरमाळ्याची. मागच्या वर्गात सरांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती, "तू फार लवकर समजतेस." तिला ते कौतुक वाटलं होतं.

शांताक्कांच्या कानात सोन्याच्या बुगड्या होत्या, अंगावर नवीकोरी इरकल. पण झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे निकिताला ठाऊक होतं. या बाईंना आज निदान रात्रीची झोप तरी मिळवून द्यायचीच, असं तिनं ठरवलं.

"ती येणार हे कळलं कसं?"

"भाच्यानं सांगितलं. त्याच्या तोंडाकडं बघूनच म्या वळखलं."

भाच्याचं काम सुटलं असणार. निकिताला वाईट वाटलं.

"याआधी होती का घरात?"

"व्हय तर. आमची आई गेली अन् ही आली. एकाच दिवशी." शांताक्का पदराचं टोक पिळत राहिल्या. "तिच्यापायी माझी शाळा सुटली. लगीन बी झालं न्हाय. ती असताना मला कोण करून घेणार?"

"मग गेली कधी?"

"घरावर स्लॅब पडला, त्याच साली. बरे दिस आले अन् ही निघाली. मागं वळून बघितलं न्हाय."

किती चित्रमय बोलतात ही माणसं, निकिताच्या मनात आलं. तिनं एक रिकामी खुर्ची ओढून शांताक्कांच्या समोर ठेवली.

"शांताक्का, आता तंगीला आपण इथं बसवू."

"हितं? आत्ताच?"

"हो. ती बसलीय असं समजा आणि मनातलं सगळं तिला बोला."

कोपऱ्यात रणधीर सर सावरून बसले. खुर्चीत आई, बाप, नवरा, सासू बसवणं सोपं. परिस्थितीला माणसासारखं बसवणं अवघड, आणि सकाळीच त्यांनी ते शिकवलं होतं. पोरगी तयार आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

शांताक्कांनी उठून पदरानं खुर्ची पुसली. मग जागेवर येऊन बसल्या.

"तंगी," त्या म्हणाल्या, "तुझ्यापायी म्या काय काय सोसलं, ठाव हाय का तुला? लोक म्हणायचे, ही शांता तिच्यातच संपणार. तू गेलीस तवा मला हलकं वाटाया पायजे हुतं. घरात फरशी आली, पंखा आला, गादी आली. गादीवर झोप लागंना. सुनं सुनं वाटाया लागलं. लई राग हाय मला तुझा. लई."

त्यांचा आवाज फुटला. निकिताचेही डोळे भरून आले. दुःखाचीसुद्धा माणसाला सवय लागते, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, आज समोर दिसत होतं. हीच वेळ, तिला वाटलं. लोखंड गरम आहे.

"आता सांगा तिला," ती पुढं वाकून म्हणाली. "माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. जा म्हणा."

"जा म्हणू?"

"मोठ्यानं म्हणा."

शांताक्का उठल्या, रिकाम्या खुर्चीपाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"न्हाय म्हणवत, बाई. माझ्या जिभंला ते यायचं न्हाय." मग खुर्चीकडं वळून हळूच म्हणाल्या, "ये गं तंगी. जशी हायस तशी ये. घर तुझंच हाय."

एवढं बोलून त्या पोटभर रडल्या. मग पाणी मागितलं, टेबलावरच्या पुड्यातली बिस्किटं खाल्ली, फोनवर भाच्याला "आण" एवढंच म्हणाल्या आणि निकिताच्या गालावरून हात फिरवून बाहेर पडल्या.

निकिता सरांकडं वळली.

"फसलं, सर."

"का? तू दिलेलं वाक्य तुझं होतं. त्यांनी त्यांचं म्हटलं."

"पण तंगीला कुणी घर तुझंच म्हणतं का? लोक लक्ष्मीला बोलावतात!"

रणधीर सरांनी चष्मा काढून पुसला.

निकिताला राहवेना. या बाईंना असं अर्ध्यावर सोडून येरमाळ्याला जायचं, हे तिच्या मनाला पटेना. ती धावतच फाटकाशी आली.

बाहेर एक रिक्षा थांबली होती. भाचा बॅग उतरवत होता. पांढऱ्या कपाळाची, पिकल्या केसांची एक बाई रिक्षातून उतरली होती, पण जागची हलत नव्हती. शांताक्कांनी पुढं होऊन तिला मिठीत घेतलं. दोघीही रडत होत्या, आणि त्यातच शांताक्का तिच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसत होत्या.

निकिता दिसताच त्यांनी हात केला.

"या की, बाई! सकाळधरनं स्टँडवर बसून हुती. आक्का ये म्हणली तरच येते, न्हायतर आल्या गाडीनं माघारी जाते म्हणत हुती." त्यांनी त्या बाईला हाताला धरून निकितासमोर उभं केलं. "तुम्ही खुर्चीत बसवलेली ती हीच. माझी धाकटी बहीण. आमच्या कानडीत धाकटीला तंगीच म्हणत्यात."