राणीबागेची दुसरी फेरी

“कारंज्याचा इस्माईल पटवा? नाही बाई. अशा नावाचा माणूस या बागेत कदीच आला नाही,” रूपाबाई म्हणाली आणि पुन्हा वाळकी पानं झाडू लागली.

हुस्नाबानो काठीवर रेलून उभीच राहिली. लोखंडी फाटकातून ती जेमतेम वीस पावलं आत आली होती. समोर हौद होता. हौदात चार दगडी मासे तोंडातून पाणी उडवत होते. पलीकडे बँडवाल्यांचा गोल चौथरा, त्याला वेढून गुलाबाचे वाफे. सगळं नवऱ्यानं सांगितलं होतं अगदी तसंच. आणि बागेची माळीण म्हणत होती, तो इथं कधी आलाच नाही.

विलायतेच्या राणीच्या ज्युबिलीच्या साली वाशीमला ही बाग झाली. जवळच्या झऱ्याच्या पाण्यानं धरलेले सांधे सुटतात म्हणून लांबलांबची माणसं येत. हुस्नाबानोचे गुडघे आखडले, तेव्हापासून इस्माईल ऐन लगीनसराईत आपलं पटव्याचं, गोफ-करदोड्यांचं दुकान बंद करी, बैलांची दमणी जुंपून शेलूबाजारावरून तिला इथं आणी. महिनाभर मुक्काम. सकाळी झऱ्यावर न्हाणं आणि मग दुपारभर वारा लागू न देता घोंगडीत पडून राहणं. तेवढ्या वेळात तो बाहेर जाई. दिवेलागणीला परते, तिच्या पायांना तेल चोळी आणि चोळता चोळता बाग सांगे. आज पांढऱ्या गुलाबाला कळी आली. आज एका माशाच्या तोंडात शेवाळ अडकलं. अशी नऊ वर्षं गेली; तिनं स्वतः बाग कधी पाहिली नाही.

गेल्या पावसाळ्यात इस्माईल तापानं गेला. चाळिसाव्या दिवशी सगळे जेवून उठल्यावर नणंद सरवरी सुपारी कातरत म्हणाली, “भाभी, मर्दमाणूस महिना महिना फुलं पाहत बसते काय? वाशीमात त्याचं दुसरं घर असन. तुले सांगणार कोण?”

त्या दिवसापासून नवऱ्यासाठी दुवा मागताना तिची जीभ अडखळू लागली. या साली युनूसनं, तिच्या मुलानं, वाशीमचं नाव काढलं तेव्हा ती लगेच तयार झाली. त्याला वाटलं, आई गुडघ्यांसाठी निघाली. गुडघे तर आता चालण्याजोगे झाले होते. तिला छडा लावायचा होता. शुक्रवार हा बागेत बायकांचा दिवस, म्हणून युनूस बाहेर टांग्यात थांबला होता.

लागला छडा, तिला वाटलं. सरवरी खरं बोलली.

ती परत फिरणार एवढ्यात रूपाबाई पानांची पाटी उचलायला वाकली. तिच्या कमरेला फाटकाची किल्ली लोंबत होती. किल्ली ज्यात ओवली होती तो गोफ हिरवा-पिवळा, आठ पदरी होता. टोकाशी एक चपटी गाठ. ती गाठ अख्ख्या कारंज्यात एकच माणूस मारत असे.

हुस्नाबानोनं त्या बाईकडे नीट पाहिलं. चाळिशीची, तरतरीत, हसऱ्या डोळ्यांची.

“हा गोफ तुमाले कोणी देला?” तिनं विचारलं.

“हा? आमच्या गोफवाल्या मियांनं,” रूपाबाई म्हणाली. “मी अन् माहे मालक, दोघंही त्यायले याच नावानं हाक मारत होतो. लय साल येत होते. यंदा अजून दिसले नाही.”

“बागेत येत होते?”

“बागेत कायले? तिथं बाहेर.” रूपाबाईनं फाटकाबाहेरच्या चिरेबंदी ओट्याकडे बोट दाखवलं. “तिथं बसाचे. पायाच्या अंगठ्याले दोरा बांधाचे अन् गोफ विणत राह्यचे. मी झाडत झाडत फाटकाशी आली का विचाराचे, बाई, आज आत काय नवं हाये? मी सांगो. एकएक फूल इचारून घ्याचे. मालक म्हणे, मियाभाई, तिकीट नाही, पहारा नाही, आत येऊन पाह्यत काहून नाही? तर आयकाचेच नाही.”

“काहून?” हुस्नाबानोनं विचारलं.

“म्हणे, घरवाली घोंगडीत पडून हाये. तिले रोज थोडी थोडी बाग सांगतो. आयकून आयकून तिले पाहाची हौस येईन, अन् मंग ती पाय टाकन. तिच्या संगंच पयल्यांदा पाहाची हाये मले. आधी एकट्यानं पाह्यली, तर तिच्या जोडीनं मी नवा कसा होईन?”

हुस्नाबानो मटकन हौदाच्या काठावर बसली. तिनं बुरख्याचा पडदा वर केला. रूपाबाईनं तो चेहरा पाहिला आणि हातातली पाटी खाली ठेवली. मिया यंदा का दिसले नाहीत, ते तिनं विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं हुस्नाबानो उठली. काठी टेकत बागेच्या कडेकडेनं निघाली. प्रत्येक वाफ्यापाशी थांबली. बँडच्या चौथऱ्याच्या पायऱ्या एकेक करून चढली, उतरली. पांढऱ्या गुलाबापाशी ती पुष्कळ वेळ उभी होती. फेरी पुरी करून हौदापाशी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि तिला धाप लागली होती. फाटक समोर होतं. ती फाटकाकडे गेली नाही. पुन्हा पहिल्या वाफ्याकडे वळली.

रूपाबाई लगबगीनं मागे आली. “बस करा, माय. गुडघे सुजतीन. झाली ना फेरी तुमची?”

“माही झाली,” हुस्नाबानो म्हणाली. “आता त्यायची राह्यली.”