खड्डा क्रमांक तीन

मोहनाने ब्रशने माती झटकली आणि खड्ड्याच्या तळाशी हिरव्या काचेची एक अख्खी बांगडी निघाली. भोवती अकीक दगडाच्या कपच्या पडल्या होत्या, चार हजार वर्षांपूर्वी मणी घडवणाऱ्यांनी टाकलेल्या. त्यांच्यात ही बांगडी म्हणजे पेशव्यांच्या पंगतीत कोल्ड्रिंक.

काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत विश्वंभर बसले होते. तेवीस वर्षांपूर्वी या टेकाडावर पहिले तीन खड्डे त्यांनीच खणले होते. तेव्हाची वही घेऊन अकराला या, असा मोहनाचा फोन आला होता. ते शहरातल्या रावपुऱ्याहून रिक्षाने दहालाच येऊन बसले. सदरा इस्त्रीचा होता. बायको गेल्यापासून ते घरात एकटेच होते; फोन येण्याची त्यांच्याकडे तशी पद्धत राहिली नव्हती.

"सर, गोंधळ झालाय," मोहना वर येत म्हणाली. "वही बघू."

वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: खड्डा क्रमांक तीन. मण्यांच्या कारखान्याच्या जमिनीपर्यंत पोचलो. बुजवताना तळाशी दहा पैशांचे नाणे ठेवले, १९७३.

ही उत्खननवाल्यांची जुनी रीत. काम संपलं की तळाशी चालू सालचं नाणं ठेवायचं आणि मग माती लोटायची. पुढे कुणी खणलंच, तर त्याला कळावं की आपल्याआधी इथे कुणी येऊन गेलंय.

"नाणं नाही मिळालं," मोहना म्हणाली. "सगळी माती दोनदा चाळली. म्हणजे हा तुमचा खड्डा नाही. मग ही बांगडी जुन्या थरात गेली कशी? टेकाड कधीतरी नांगरून उलटंपालटं झालंय, असंच लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं की इथे जपण्यासारखं काही उरत नाही, हे उद्या सुरू."

'हे' म्हणजे पलीकडे उभं असलेलं पिवळं यंत्र. समा भागातल्या सोसायट्या टेकाडापर्यंत येऊन ठेपल्या होत्या आणि टेकाडावर आता लघुउद्योगांचे गाळे व्हायचे होते. पहिला गाळा बाटल्यांच्या बुचांचा.

"काका, केटली वार लागशे?" अजून किती वेळ लागेल, असं यंत्राच्या सावलीतून सुपरवायझरने गुजरातीत विचारलं.

"चार हजार वर्षं थांबलंय, भाई," विश्वंभर म्हणाले. "तुझा चहा होईपर्यंत थांबेल."

वही त्यांनी मिटली आणि मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवला. हीच वही पुरातत्त्व विभागात नव्या मुलांना दाखवायचे. नोंद कशी करावी, तर अशी. 'वहीत खोटं लिहायचं नाही' हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या मुलांना ऐकवलं होतं, की निरोपसमारंभात मुलांनी त्यांची नक्कल करताना तेवढंच म्हटलं होतं. मोहनाही त्या मुलांत होती.

"बांगडी सव्वादोनची आहे," ते म्हणाले.

"अं?"

"माप. सव्वादोन इंच. मोजून बघ."

मोहनाने मोजलं. सत्तावन्न मिलिमीटर. तिने मनात हिशेब केला आणि वर पाहिलं.

"सर, तुम्ही तर अजून हातातही घेतली नाहीत. आणि वहीत नाणं आहे."

"वहीत आहे. खड्ड्यात नव्हतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्या दिवशी माझ्या खिशात सुटे पैसे नव्हते. अहल्या डबा घेऊन आली होती. तिने हातातली एक काढून दिली. मी म्हटलं, अगं, नाण्यावर साल असतं, हिच्यावर काय आहे? तर म्हणाली, तुमच्या लक्षात राहील ना, मग झालं."

मोहनाने हातातल्या बांगडीकडे पाहिलं.

"आता सरकारी वहीत बायकोची बांगडी कशी लिहायची? लोक हसले असते. म्हणून नाणं लिहिलं. दहा पैसे लिहिले, म्हणजे अफरातफरही मोठी नको." त्यांनी तिच्यापुढे हात केला. "पेन दे."

त्यांनी वही उघडली. 'दहा पैशांचे नाणे' यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: बांगडी, काच, हिरवी, एक. शेजारी सही केली, आजची तारीख घातली.

"हा माझाच खड्डा आहे. त्याच्या भिंतीपलीकडचा कारखाना कुणी हलवलेला नाही. तसं लिही, आणि ही वही जोड."

"सगळे वाचतील, सर."

"वाचू दे. निदान कुणी वाचेल तरी."

मोहनाने तिथेच बसून पत्र लिहिलं. सुपरवायझरने ते घेतलं, दोनदा फिरवून पाहिलं आणि साहेबांना दाखवायला निघाला. जाताना यंत्र टेकाडापासून मागे घ्यायला सांगून गेला. यंत्र धूर सोडत शेताच्या कडेला जाऊन उभं राहिलं.

मग मोहनाने बांगडी पाण्याने धुतली, कागदात गुंडाळली आणि विश्वंभरांपुढे धरली.

"नोंद झाली, फोटो झाला. ही तुम्ही घरी न्या."

त्यांनी पुडी घेतली. उघडून बांगडी उन्हात धरली, एकदा फिरवली. मग पुन्हा कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.

"खड्डा बुजवशील तेव्हा नाण्याबरोबर हीही ठेव," ते खुर्चीतून उठत म्हणाले. "घरी नेऊन कुणाला सापडायची?"